पंधराव्या वर्षी 'काय व्हायचंय?' याचं उत्तर नक्की कोण देतं?

शेवटचा_तास

शाळेच्या वरच्या वर्गांना शिकवते. करिअर मार्गदर्शनही माझ्याच गळ्यात आहे, कारण वेळापत्रकात माझा शेवटचा तास रिकामा सापडला. सदस्यनाम त्यावरूनच.

पालक भेटायला आले की पहिलं वाक्य ठरलेलं: "आमचं काही म्हणणं नाही हो, त्याला आवडेल ते करू दे." मुलगा शेजारीच बसलेला असतो. काय आवडतं विचारलं की चार-पाच नेहमीच्या उत्तरांपैकी एक येतं. घरून सक्ती नाही, मारून मुटकून काही नाही, तरी सगळ्यांची आवड इतकी एकसारखी कशी?

म्हणून हल्ली मी प्रश्न उलटा विचारते. पन्नास-साठ कामांची यादी हातात देते आणि सांगते, यातलं जे तुम्ही कधीच करणार नाही त्यावर काट मारा, शेजारी कारण लिहा. 'काय व्हायचंय' लिहिताना पेनं चावली जातात. काट मारताना कुणी थांबत नाही, भराभर सुटतात. कारणं जशीच्या तशी देते:

नर्स – 'मुलींचं काम' (मुलगा). भूगर्भशास्त्रज्ञ – 'जॉब कुठे असतात'. प्लंबर – 'काहीही काय मॅडम'. ग्रंथपाल – 'बोअर'. क्रेनचालक – 'मुली नसतात' (मुलगी). विमागणिती (विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणारा) – 'म्हणजे काय?'

शेवटच्या कारणावर मी अडकले आहे. म्हणजे काय ते माहीत नाही, म्हणून चौकशी करावी किंवा निदान बाजूला ठेवावं, तर नाही. माहीत नाही म्हणून थेट काट.

मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. मूल करिअर निवडत नाही, वगळत जातं. ३ ते ५ वर्षांचं मूल कामांकडे मोठ्या माणसांचं, ताकदीचं म्हणून बघतं. ६ ते ८ मध्ये 'बायकांचं' आणि 'पुरुषांचं' अशी वाटणी होते. ९ ते १३ मध्ये मानाचं काम कुठलं आणि हलकं कुठलं हे कळतं. स्वतःची आवड हिशेबात येते ती चौदाच्या पुढे, आणि तोवर दोन-तीन चाळण्या लागून गेलेल्या असतात. मूळ मांडणीतला आणखी एक मुद्दा मला जास्त अस्वस्थ करतो: तडजोडीची वेळ आली की माणूस आधी आवड सोडतो, मग प्रतिष्ठा, आणि 'हे माझ्यासारख्या मुलाचं किंवा मुलीचं काम आहे का' ही अट सगळ्यात शेवटी. हा क्रम सगळीकडे तंतोतंत जुळतो असं नंतरच्या संशोधनात दिसलं नाही, पण माझ्या यादीवरच्या काटा बघता मी त्याला सहज मोडीत काढणार नाही.

तर ही काट कोण मारतं? पालक, शिक्षक, मित्र, मार्क, मोबाईल? तुमचं निरीक्षण लिहा. 'आमच्या वेळी असं नव्हतं' एवढा एक प्रतिसाद कृपया नको.

तिरकस

आमच्या वेळी असं नव्हतं.

झालं, आता मोकळं वाटलं. मुद्द्यावर येतो. एवढं मानसशास्त्र कशाला? मार्क ठरवतात. वरच्या फळीतली मुलं एकीकडे, मधली दुसरीकडे, उरलेली जिथे जागा मिळेल तिथे. आवड हा शब्द ज्यांना मार्क पडले त्यांनी नंतर लावलेला असतो.

निवांतपणे

वाचतेय. दोन्ही मुलं याच वयाची आहेत, त्यामुळे सध्या फक्त वाचतेय.

वक्ररेषा

उत्तरं एकसारखी असतात हे फक्त शेवटचा_तास यांच्या वर्गातलं नाही. ओईसीडीने (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) २०२० च्या जानेवारीत पिसा या आपल्या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीच्या माहितीवर अहवाल काढला होता. २०१८ ची चाचणी, पंधरा वर्षांची मुलं, ४१ देशांची तुलना. तिशीत तू काय करत असशील, या प्रश्नावर ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली फक्त दहा-दहा व्यवसायांत अडकल्या. २००० साली हेच आकडे ३८ आणि ४९ होते. म्हणजे इंटरनेट आलं, हजार नव्या कामांची नावं जन्माला आली, आणि मुलांची यादी उलट आखूड झाली.

कुठले दहा? मुलींकडे डॉक्टर, शिक्षिका, व्यवस्थापक, वकील, नर्स, मानसशास्त्रज्ञ, डिझायनर, पशुवैद्य, पोलीस, वास्तुरचनाकार. मुलग्यांकडे इंजिनिअर, व्यवस्थापक, डॉक्टर, संगणकवाले, खेळाडू, शिक्षक, पोलीस, मोटार मेकॅनिक, वकील, वास्तुरचनाकार. आता ही यादी पुन्हा एकदा बघा. यातली बरीचशी माणसं मुलाला त्याच्या कामाच्या वेषात दिसतात. वर्गात, दवाखान्यात, रस्त्यावर, पडद्यावर. जी माणसं बंद दारामागे काम करतात ती यादीत जवळपास नाहीतच.

पिसाच्या २०२२ च्या फेरीत दुसरंच टोक दिसतं. ओईसीडी देशांत साधारण ३९ टक्के मुलांना अपेक्षित काम नीट सांगताच आलं नाही. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने हे प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे.

रात्रपाळी

वक्ररेषा यांचा बंद दाराचा मुद्दा अगदी माझाच आहे, अक्षरशः. दारावर किरणोत्साराची पाटी असते.

मी सीटी आणि एमआरआयचा टेक्निशियन. माझ्या मुलीला कुणी विचारलं की ती सांगते, "बाबा हॉस्पिटलमध्ये मशीन चालवतात." यात चूक काही नाही, पण काम यातलं काहीच नाही. रात्री दोनला अपघातातला पेशंट येतो, त्याला मान हलू न देता टेबलावर कसा घ्यायचा, हे काम. एमआरआयला आत न्यायच्या आधी अंगात पेसमेकर, क्लिप, धातूचा कण काही आहे का, हे घाबरलेल्या माणसाकडून वदवून घ्यायचं, हे काम. कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून द्यायचं औषध) द्यायच्या आधी अ‍ॅलर्जी विचारायची, किडनीचा रिपोर्ट बघायचा. लहान मुलाला वीस सेकंद स्थिर ठेवायचं. भौतिकशास्त्र लागतं, शरीररचना लागते, आणि बोलण्याची हातोटी तर पहिली लागते.

मुलांना पदांची नावं माहीत असतात, त्या माणसाचा दिवस माहीत नसतो. मग नावात जेवढं वलय तेवढ्यावरच निवड होते. डॉक्टर हे नाव मोठं, टेक्निशियन हे नाव छोटं. ज्या मुलाला यंत्रंही आवडतात आणि माणसंही, त्याला हे काम चपखल बसेल, पण त्याच्या कानावर ते कधी गेलेलंच नसतं.

कुंपणावरची

दबाव म्हणजे आरडाओरडा, असं आपण धरून चाललोय. मला घरून कुणीही कधी नाही म्हटलं नाही. पण मी एक पर्याय सांगितला की "अरे वा! मग त्याला कुठली परीक्षा असते?" असा प्रश्न यायचा, आणि दुसरा सांगितला की "हं… बघू." तेवढ्या 'हं'मध्ये सगळा निकाल असायचा. पहिल्या पर्यायावर जेवणं होईपर्यंत चर्चा, दुसऱ्यावर विषय बदल. वर्षभरात कुठल्याही मुलाला कळतं कुठल्या दाराला कडी आहे. नंतर आईवडील अगदी प्रामाणिकपणे सांगतात की आम्ही काहीच लादलं नाही.

वक्ररेषा

@कुंपणावरची, यावर समाजशास्त्रात एक चांगली मांडणी आहे. ब्रीन आणि गोल्डथॉर्प, १९९७. कुटुंबं 'मुलाला जास्तीत जास्त वर कसं नेता येईल' यापेक्षा 'निदान आपल्या खाली जाऊ नये' या हिशेबाने शिक्षणाचे निर्णय घेतात. म्हणजे कारकुनाच्या घरात जो पर्याय धाडसाचा वाटतो, तोच डॉक्टरांच्या घरात घसरण वाटते. त्यामुळे एकाच गुणांची, एकाच वर्गातली दोन मुलं वेगवेगळ्या रस्त्याला लागतात, आणि दोन्ही घरांना आपण शहाणपणाने वागलो असंच वाटतं. 'हं'च्या मागे बहुतेक वेळा हीच भीती असते.

पानगळ

+१. 'हं' वाचून हसले आणि मग हसू ओसरलं.

तिरकस

सगळं ठीक, पण माझा मार्कांचा मुद्दा तसाच राहिला.

वक्ररेषा

राहिला नाही, मुद्दाम मागे ठेवला होता. मार्क ठरवतात हे खरंच आहे, पण तुम्ही समजता तसे नाही.

समजा दोघांना गणितात ८५ आहेत. पहिल्याला भाषेत ६५, दुसरीला ९४. पहिला म्हणतो, मी गणितात चांगला आहे. दुसरी म्हणते, माझी भाषा चांगली आहे. दोघांचं गणित तेवढंच! मूल स्वतःचं मोजमाप करताना इतर मुलांकडे बघतंच, पण स्वतःच्याच दोन विषयांची एकमेकांशी तुलनाही करतं. आणि शाळा, घर, शेजारी सगळे गुणपत्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर बोट ठेवून 'हाच हिचा विषय' म्हणतात.

ब्रेडा आणि नॅप यांनी २०१९ मध्ये पिसाची ६४ देशांतली सुमारे ३ लाख मुलांची माहिती तपासली. गणिताशी जोडलेल्या अभ्यासक्रमांकडे मुली कमी वळतात, या फरकाचा मोठा भाग गणितातल्या कमजोरीने समजावता येत नाही. मुली वाचनात मुलग्यांपेक्षा खूप पुढे असतात, त्याने येतो. त्याआधी २०१३ मध्ये वांग, एक्लस आणि केनी यांनी गणित आणि भाषा दोन्हींत वरचढ असलेली मुलं आणि फक्त गणितात वरचढ असलेली मुलं ताडून बघितली. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या कामांत दुसरा गट जास्त दिसला. पहिल्या गटात मुली जास्त होत्या. म्हणजे ज्यांच्यापुढे जास्त दारं उघडी होती, त्या दुसऱ्या दाराने गेल्या. याला कुवत कमी पडली म्हणायचं का?

आणखी एक. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की तेवढ्याच कुवतीचं मूल निवडक, हुशार मुलांच्या शाळेत गेलं की स्वतःला कमी समजायला लागतं, आणि साध्या शाळेत असलं की जास्त. त्याला नावही मोठा मासा, छोटं तळं असंच काहीसं आहे. नंतर कितीतरी देशांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. महागड्या, नावाजलेल्या शाळेत घालून 'माझ्या बसची बात नाही' हे वाक्य विकत घेणारे पालक मी बघितले आहेत.

तिरकस

बरं. हे मला माहीत नव्हतं. पण निष्कर्ष माझाच राहिला, मार्कच ठरवतात.

दहावा_बाक

मी सोळा वर्षांची आहे. इथे बहुधा एकटीच. हा धागा आईने पाठवला, 'सहज वाच' म्हणून. (सहज!)

सगळ्यांनी आमच्याबद्दल लिहिलंय म्हणून मीही लिहिते. माझ्याकडे 'काय होणार' याची तीन उत्तरं तयार आहेत. नातेवाइकांसाठी एक, कारण ते ऐकलं की पुढचे प्रश्न येत नाहीत. शाळेत मॅडमसाठी दुसरं, ते जरा विचारी वाटतं. मैत्रिणींसाठी तिसरं, ते गमतीत. खरं कुठलं ते मलाही माहीत नाही. जे जास्त वेळा बोलते ते हळूहळू खरं वाटायला लागलंय, हे मात्र भीतीदायक आहे.

मित्रमैत्रिणींचं म्हणाल तर कुणी 'हे कर' असं सांगत नाही. पण ग्रुपमधले सगळे एका क्लासला गेले की तिथे न जाणं म्हणजे संध्याकाळी एकटं पडणं. त्या क्लासला जे विषय, तेच मग आमचं करिअर. आणि रील्सबद्दल तुम्ही सगळे बोलणारच म्हणून आधीच सांगते. त्यात 'माझ्या कामाचा एक दिवस' दाखवतात तेव्हा माणूस उठतो, आवरतो, लॅपटॉप उघडतो आणि संध्याकाळी जिमला जातो. लॅपटॉपवर काय करतो ते कध्धीच दाखवत नाहीत.

रात्रपाळी

@दहावा_बाक, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

शेवटचा_तास

@दहावा_बाक, मॅडमसाठीचं विचारी उत्तर ओळखू येतं हं. तरी लिहीत राहा.

तिरकस

मग कलचाचणी घ्या ना सगळ्यांची. तासाभरात निकाल. तुमचा कल अमुक, जा तमुक शाखेला. एवढा धंदा चाललाय त्याचा.

शेवटचा_तास

कलचाचण्यांना मी पूर्ण मोडीत काढत नाही, पण त्या काय मोजतात ते बघा. बहुतेकींचा पाया जॉन हॉलंड यांच्या १९५९ पासूनच्या कामात आहे. माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार: हाताने आणि यंत्रांशी करायचं, शोधक, कलात्मक, लोकांना मदत करायचं, पुढाकार घेऊन पटवायचं, आणि शिस्तीत नोंदी-हिशेब ठेवायचं. तुम्ही कुठल्या दोन-तीन प्रकारांकडे झुकता ते चाचणी सांगते.

अडचण अशी की 'तुम्हाला यंत्र दुरुस्त करायला आवडेल का?' हा प्रश्न ज्या मुलीच्या हातात कधी कुणी स्क्रूड्रायव्हर दिलाच नाही तिलाही विचारला जातो. ती 'नाही' लिहिते. तिने नाकारलंय ते काम तिने केलेलंच नाही. चाचणी प्रामाणिक, उत्तर प्रामाणिक, तरी मोजली गेली ती संधी, आवड नाहीच.

शिवाय आवड इतक्या लवकर पक्की होत नाही. आवडींच्या स्थैर्यावरचे दीर्घकाळ चाललेले अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये एक मोठा आढावा आला. शाळेच्या वयात स्थैर्य फारसं वाढत नाही, ते एकदम वाढतं १८ ते २२ च्या दरम्यान. म्हणजे आपण ज्या वर्षी सही-शिक्का मागतो त्याच्या जरा नंतर.

हातोडी

सीएनसी मशीनिस्ट आहे, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्राने धातूचे भाग कापतो. हल्ली नव्या पोरांना शिकवतोही. वर प्लंबरपुढे 'काहीही काय मॅडम' लिहिलेलं वाचलं, म्हणून आलो.

आमच्याकडे मुलं दोनच वाटांनी येतात. एक, ज्यांच्या घरात कुणीतरी हे काम करतं. दोन, ज्यांना शाळेत सांगितलेलं असतं की तुझं अभ्यासात काही खरं नाही, तू आपलं हाताचं काम शिक. दुसऱ्या वाटेने आलेला मुलगा पहिल्या दिवशी खांदे पाडून येतो. मग मी ड्रॉइंग पुढे ठेवतो. कोन काढायला त्रिकोणमिती लागते. माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांभाळायचं असतं, मायक्रोमीटरवर. टूल झिजलं की ऑफसेट किती द्यायचा, धातू तापून किती फुगला असेल, सगळा हिशेब. जॉब, म्हणजे बनवायला घेतलेला भाग, रिजेक्ट झाला तर तुमचं कारण कुणी ऐकत नाही, मापात नाही म्हणजे नाही. त्याला वाटत असतं अभ्यासातून सुटका झाली. इथे त्याला पहिल्यांदा कळतं की शाळेतलं साइन-कोसाइन कशाला होतं.

ज्या मुलाला गणित कळतं पण बाकावर बसवत नाही, तो इथे फुलतो. पण त्या मुलाला शाळेने आमच्याकडे पाठवलेलंच नसतं, त्याचे मार्क चांगले असतात ना. गणित न जमणाऱ्याला पाठवतात. म्हणजे दोघांचंही नुकसान, आणि वर आमचं.

तिरकस

@हातोडी, पटलं. आणि मार्कांवरचं माझं मत थोडं डळमळलं. जास्त नाही.

पानगळ

मला आदर्श व्यक्तींचा मुद्दा आणायचा आहे. शास्त्रज्ञाचं चित्र काढा, हा प्रयोग प्रसिद्ध आहे. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये छापला. ४,८०७ मुलांची चित्रं, त्यांत बाईचं चित्र २८, आणि तीही सगळी मुलींनीच काढलेली. पुढच्या दशकांत अमेरिकेतल्या अशा प्रयोगांत बायकांची चित्रं सरासरी २८ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे सुधारणा आहे. पण मुलं जसजशी मोठी होतात तसतशी पुरुषाचीच चित्रं जास्त काढायला लागतात. लहान मुलांच्या डोक्यात फरक कमी, मोठ्यांच्या जास्त. शाळेत हे आपण शिकवतोय का मग?

वक्ररेषा

@पानगळ, यापुढचा टप्पा: भिंतीवरचं पोस्टर पुरतं की जवळचं माणूस लागतं? माझा कौल जवळच्या माणसाला. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतले १२ लाख पेटंटधारक त्यांच्या लहानपणापर्यंत मागे शोधले. सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं, निम्म्याहून खालच्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांच्या दहापट प्रमाणात संशोधक झाली. तिसरीतल्या गणिताच्या गुणांनी या दरीचा एक तृतीयांशही उलगडा होत नाही. आणि गंमत इथे आहे: ज्या भागात मूल वाढलं तिथे ज्या तंत्रज्ञानाचे संशोधक जास्त, त्याच तंत्रज्ञानात ते मूल पुढे पेटंट घेण्याची शक्यता जास्त. मुलींवर परिणाम होतो तो स्त्री संशोधकांचा, पुरुषांचा नाही. नुसत्या हुशारीच्या वातावरणाने एवढं नेमकं घडणार नाही. कुणाला तरी ते काम करताना बघितलेलं असतं.

दुसरा पुरावा पश्चिम बंगालचा आहे. तिथे सरपंचपद कुठल्या गावात स्त्रियांसाठी राखीव हे आळीपाळीने, कुणी निवड न करता ठरायचं, त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना करता आली. बीमन, डुफ्लो, पांडे आणि टोपालोवा यांचा अभ्यास, २०१२. ज्या गावांत लागोपाठ दोनदा स्त्री प्रमुख होती तिथे किशोरवयीन मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली. कुणी येऊन भाषण दिलं नव्हतं. मुलींनी रोज बघितलं, एवढंच.

कुंपणावरची

म्हणजे ज्यांच्या ओळखीपाळखी जास्त, त्यांच्या मुलांची यादी लांब. ओळखी नसलेल्यांनी काय करायचं? 'मुलांना निरनिराळ्या लोकांना भेटवा' हा सल्ला मला नेहमी थोडा चिडवतो. ज्यांच्याकडे असे लोक आहेत त्यांनाच तो उपयोगी.

शेवटचा_तास

@कुंपणावरची, म्हणून तर हे घरांवर सोडून चालत नाही, शाळेने करायला हवं. घराकडे दहा ओळखी असतील, पण एका वर्गाच्या पालकांची कामं एकत्र केली तर पन्नासेक वेगळी कामं सहज निघतात. मी पालकसभेला विचारते, तुमचं पद सांगू नका, काल दिवसभरात काय काय केलं ते सांगा. एका आईने स्वतःला 'काही नाही, ऑफिसात असते' म्हणून ओळख करून दिली. दहा मिनिटांनी कळलं की मालवाहू जहाजांवर कुठला कंटेनर कुठे चढवायचा, म्हणजे जहाज कलणार नाही आणि पुढच्या बंदरात आधी उतरणारा खाली अडकणार नाही, याची आखणी त्या करतात. मागच्या बाकावरचे तिघे पहिल्यांदाच खुर्च्या पुढे ओढून बसले.

मान्य, त्या तिघांपैकी कुणी त्या क्षेत्रात जाईलच असं नाही. तो हेतूही नाही.

निवांतपणे

आता लिहितेच. एवढं सगळं वाचून असं वाटायला लागलं की आपण काहीही केलं तरी मुलांचं आधीच ठरलेलं आहे. पण माझ्या ओळखीतले निम्मे लोक योगायोगानेच आपापल्या कामात आहेत. कुणाचा प्रवेश हुकला, कुणी मित्राबरोबर सहज मुलाखतीला गेलं.

वक्ररेषा

योगायोगही मोजला गेलाय! ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये शाळा-कॉलेजच्या मुलांना विचारलं तेव्हा सुमारे ७० टक्के म्हणाले की त्यांच्या करिअरच्या निर्णयावर एखाद्या अनपेक्षित घटनेचा परिणाम झाला. जॉन क्रुम्बोल्ट्झ यांनी तर १९९९ मध्ये सहकाऱ्यांसोबत यावरच मांडणी केली: योगायोग टाळायचा नाही, तो आला की पकडता येईल अशी तयारी ठेवायची. कुतूहल, चिकाटी, लवचीकपणा वगैरे. मला त्यांचं एवढंच पटतं की पंधराव्या वर्षी 'अजून ठरलं नाही' हे उत्तर रोग असल्यासारखं वागवू नये. मात्र ज्याच्या यादीवर साठपैकी पंचावन्न काटा आहेत, त्याच्या दारात योगायोग आला तरी तो ओळखणार कसा?

तिरकस

अवांतर: वक्ररेषा यांना धागा आंदण देऊन टाका.

पानगळ

खिक्.

दहावा_बाक

@हातोडी काका, एक विचारायचं होतं. आमच्या शाळेत तुमच्या कामाबद्दल कुणी बोलतच नाही. मुली असतात का तुमच्याकडे? आणि दिवसभर उभं राहावं लागतं का? गणित मला आवडतं पण आठ तास खुर्चीत बसायचं म्हटलं की नको वाटतं.

हातोडी

@दहावा_बाक, मुली आहेत, कमी आहेत. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्यांपैकी सगळ्यात बारीक मापाचं काम करणारी एक मुलगीच आहे. जड जॉब उचलायला क्रेन आणि होइस्ट असतात, ताकदीचा प्रश्न आता फारसा उरला नाही. कपडे बदलायची नीट खोली, पाळ्यांच्या वेळा, हे मात्र जिथे जाशील तिथे आधी विचारून घे. सगळीकडे सारखं नसतं आणि मुलाखतीत आपणहून कुणी सांगत नाही.

उभं राहणं आहे. सेटिंग करताना तास-दीड तास सलग, मग प्रोग्रॅम चालू झाला की मध्ये मध्ये माप घ्यायचं, तेव्हा जरा टेकता येतं. आवाज असतो, कानाला संरक्षण लावून काम करायचं. कूलंटचा, म्हणजे कापताना थंड ठेवायला सोडतात त्या द्रवाचा, वास कपड्यांना येतो, तो घरच्यांना आवडत नाही. पहिली दोन-तीन वर्षं तुला मोठा जॉब कुणी एकटीला देणार नाही, तेव्हा कंटाळा येईल. प्रोग्रॅमिंगकडे वळलीस तर बसायचं काम वाढतं, पण मशीनवर हात न बसलेल्याचा प्रोग्रॅम आम्ही लगेच ओळखतो.

अजून काय विचारायचं असेल तर इथेच विचार, बाकीच्यांनाही कळेल.

दहावा_बाक

ऑफसेट म्हणजे नक्की काय देता? आणि टूल झिजलं हे बघून कळतं की मापावरून?

हातोडी

दोन्ही. आधी कानाला कळतं. कापताना आवाज बदलतो, चिप वेगळ्या रंगाची पडायला लागते, पृष्ठभाग ओरखडल्यासारखा दिसतो. पण कानावर विसंबून जॉब पुढे ढकलायचा नाही, मायक्रोमीटर लावायचा. समजा व्यास २५.०० हवा आणि २५.०३ येतोय. म्हणजे टूल झिजल्यामुळे ०.०३ जास्त शिल्लक राहिलं. मग मशीनला सांगायचं की हे टूल आता एवढं आत घे. व्यासावर ०.०३ म्हणजे एका बाजूने किती, ते तू सांग.

दहावा_बाक

०.०१५.

हातोडी

बरोबर. आता मशीन व्यासावर मोजतं की त्रिज्येवर, हे बघितल्याशिवाय तो आकडा टाकायचा नाही. नवीन पोरं जॉब घालवतात ते इथेच.